आण्णा, रस्ता ठाऊक होता का तुम्हाला?

आण्णा, आपल्याकडं मेंढरं होती तेव्हा आपल्याला घर नव्हतं, आणि घर आलं तेव्हा मेंढरं नव्हती. दोन्ही एकदम कधी मिळालंच नाही. सांगोल्याकडच्या त्या माळावर पाऊस रुसला, त्या सालात आई ओढ्यातला झरा हातानं उकरायची आणि वाटीवाटीनं पाणी काढायची. पहिलं कोकरांना, मग मला, मग तुम्हाला. ती स्वतः कधी प्यायची ते मी पाहिलं नाही. बाभळीच्या शेंगा संपल्या तेव्हा तुम्ही निवडुंगाचे काटे जाळून तो मेंढरांपुढं टाकलात. तरी रोज सकाळी वाघुरीत, म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायच्या जाळीत, एखादं मेंढरू उठायचं नाही. तुम्ही त्याला पायानं हळूच ढोसून बघायचात. मग घोंगडी झटकून खांद्यावर टाकायची आणि म्हणायचं, "चला." कुणाला म्हणत होता कोण जाणे.

शेवटी उरलेली मेंढरं हाकत तुम्ही सोलापूरच्या बाजारात नेलीत, विकलीत आणि माघारी निघालात. त्या दिवसाचं आई अजून सांगते, "रिकाम्या रस्त्यानं ह्येंला चालताच यीना. फुडं काय दिसंना की सारखं थांबायचं. सकाळी निघालेला माणूस, चौथ्या दिवशी दिवेलागणीला आला."

मग आपण इथंच, सोलापुरात आलो. अक्कलकोट रस्त्याला टॉवेलच्या कारखान्यावर तुम्हाला वॉचमनचं काम मिळालं. पत्र्याची खोली, उन्हाळ्यात तवा आणि हिवाळ्यात बर्फ. यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र. आई म्हणायची, झोप लागत नाही. तुम्ही म्हणायचात, "मेंढरं रवंथ करत्यात आसं समज की."

हे सगळं मी का सांगतेय तुम्हाला? तुम्हाला ठाऊकच आहे. पण सध्या माझं असंच चाललंय. एक सांगायला जाते, दुसरंच निघतं. लोक भेटायला येतात आणि विचारतात, "कशी आहेस?" मला उत्तर येत नाही. रडू येतं म्हणावं तर ते नळाच्या पाण्यासारखं, त्याची वेळ झाली की येतं आणि जातं. बाकीचा वेळ मी नुसती गोंधळलेली असते. परवा दूध आणायला म्हणून निघाले आणि भानावर आले तेव्हा पंचकट्ट्यापाशी उभी होते, हातात रिकामी पिशवी. मी! जी दर रविवारी परगावच्या माणसांना हे शहर पायी फिरवून दाखवते ती मी, दुधाचा रस्ता चुकले.

गोंधळ तुमच्या जाण्याचा आहेच. पण त्यात आणखी एक गाठ पडलीय, आणि ती सोडवायला आता तुम्ही नाही.

झालं असं. दिवसकार्याच्या दुसऱ्या दिवशी होटगीची सखूआत्या अजून इथंच होती आणि कारखान्यातले नरसय्यामामा भेटायला आले. मामांचा जन्म इथलाच, घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही. बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "अय्यो अम्मा, काय माणूस होता! सोलापुरातला बोळ न बोळ पाठ. मी हितं जन्मलो, तरी मला रस्ता दाखवायचा. कौंतम चौकात गर्दी असली की कुठल्या तरी बोळात घालायचा आणि थेट मधल्या मारुतीपाशी काढायचा."

आत्यानं पदर तोंडावरून काढला. "कुणाचं सांगताव तुमी? माज्या भावाचं?"

"मग कुणाचं?"

"त्येला पार्क कुटं आन पंचकट्टा कुटं ह्ये मरस्तवर कळलं न्हाय. माज्याकडं यायचं म्हंजी स्टँडवर धा जणांस्नी इचारायचा. एकदा होटगीला म्हणून निघाला आन मोहोळात जाऊन उतरला, बाई! मोहोळ कुणीकडं, होटगी कुणीकडं!"

"तो मुद्दाम गेला असेल मोहोळला. काही काम असेल."

"काम? मोहोळला? त्येला एस्टीचा बोर्ड वाचायला येत हुता व्हय?"

"बोर्ड कशाला वाचायला पाहिजे? माणसाला अंदाज असतो."

"अंदाज असता तर मोहोळला गेला असता का?"

दोघंही हट्टाला पेटली. तुमच्या फोटोला हार घातलेला, समोर दिवा आणि ही दोघं तुम्हाला रस्ता ठाऊक होता का नव्हता यावर भांडतायत. मग दोघंही माझ्याकडं वळली. आत्या म्हणाली, "तू सांग गं हिरे. तू त्येच्यासंगं रोज हिंडायचीस."

मी चहा ठेवते म्हणून आत गेले. आण्णा, मला सांगता येईना. जन्मभर तुमच्याबरोबर हे शहर चालले आणि मला हे माहीत नाही.

कारण तुम्ही कायम मागं असायचात.

कॉलेजच्या प्रवेशाचा दिवस आठवतो? मला तो रोज आठवतो, पण आता दोन वेगळ्या रीतींनी आठवतो. यादीत नाव लागलं होतं आणि कागद दाखवून प्रवेश पक्का करायचा तो शेवटचा दिवस होता. दुपारी खिडकी बंद व्हायची. तुम्ही धुतलेलं धोतर नेसलात, लाल पटका बांधलात, आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून दिली. मी तोवर आपल्या वस्तीच्या पलीकडं कधी एकटी गेलेली नव्हते. कॉलेज किल्ल्याच्या पलीकडं आहे एवढं शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या. बस येईना. तुम्ही म्हणालात, "चालत जाऊ की."

अशोक चौकात आलो आणि मी थांबले. चार बाजूंना चार रस्ते, रिक्षा, हातगाड्या, भोंगे. "आण्णा, कुठनं?"

"चल की."

"अहो पण कुठनं?"

"तुला बरं वाटंल तितनं."

आणि तुम्ही माझ्या मागं जाऊन उभे राहिलात. काठी खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले. माळावर उभे राहायचात तसे. बाजूनं जाणारी माणसं बघत होती.

मी निघाले. काय करणार? बोळ लागला की आत शिरायचं, नाही जमलं की पुढच्या बोळानं बाहेर. एका दारात रंगवलेलं सूत वाळत घातलेलं, त्याच्याखालनं वाकून गेलो. एका बाईनं तेलुगूत काही विचारलं, मी मराठीत काही सांगितलं, दोघींनाही कळलं नाही. मधल्या मारुतीला मी पाया पडले, मागं वळून बघितलं तर तुम्हीही हात जोडलेले. तुम्ही म्हणालात, "मागं बघू नगंस. फुडच्यानं मागं बघितलं की समदा कळप थांबतो."

"कळप कुठंय? आपण दोघंच आहे."

"दोन मेंढरं आसली तरी कळपच."

विजापूर वेशीपाशी मी वळायला नको तिथं वळले आणि एकदम समोर पाणी. सिद्धेश्वराचा तलाव. मधोमध देऊळ, भोवती नुसतं पाणी, पलीकडं किल्ल्याची काळी भिंत. सोलापुरात राहून मी ते पहिल्यांदा बघत होते. मला वाटलं, हे शहर इतकं देखणं आहे आणि मला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही वहाणा काढल्यात, काठावर बसलात, पाण्यात हात बुडवून बराच वेळ तसेच ठेवलात. म्हणालात, "पाणी लई हाय." एवढंच. मला तेव्हा वाटलं, माणूस देवळाला येतो आणि पाणी मोजतो. आज वाटतं, झऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं वाटलेल्या माणसाला आधी देव दिसणार का पाणी?

मग मी किल्ला चुकवायच्या नादात किल्ल्यालाच वळसा घालत बसले. भिंत एका हाताला, संपतच नाही. बुरुज गेला की दुसरा बुरुज. तुम्ही मान वर करून बघत होता. "हिरे, ह्यो किल्ला म्हणायचा? डोंगर कुटं हाय मग?"

"भुईकोट आहे हा. जमिनीवरचा."

"म्हंजी वाघूरच की. केवढी मोठी वाघूर! येवढ्यात कुणाला कोंडत आसतील?"

"राजाला."

"राजाला कशाला कोंडायचं? त्यो पळून जातो व्हय?"

मी हसले आणि मग एकदम रडायला आलं. ऊन डोक्यावर आलं होतं. भिंतीच्या सावलीला बसून आपण भाकरी फोडली आणि मी तुमच्यावर ओरडले. "आण्णा, तुम्हाला रस्ता ठाऊक आहे का नाही? असला तर सांगा. नसला तर कुणाला तरी विचारू द्या. माझा प्रवेश जाईल!"

तुम्ही चटणी भाकरीवर सारखी पसरलीत. "मेंढराला फुडनं वढलं तर ते बसतं. मागनं दामटलं तर इस्कटतं. मागं ऱ्हायाचं नुसतं."

"मी मेंढरू नाही."

"न्हाईस. मेंढरू येवढं बोलत न्हाय."

"पुढच्या मेंढराला तरी रस्ता ठाऊक असतो का?"

तुम्ही जरा विचार केलात. "न्हाय. त्येला वाटतं, मागच्याला ठावं हाय."

"आणि मागच्याला?"

"त्येला वाटतं, फुडच्याला ठावं हाय."

"मग पोचतात कसे?"

"पोचत्यात की," तुम्ही म्हणालात आणि फडकं झटकलंत.

पोचलो. खिडकीतला माणूस कागद आवरत होता. म्हणाला, "आता येता का? पालक कुठायत?" मी मागं बोट दाखवलं. दाराच्या चौकटीत पटका, काठी आणि घाम. तुम्ही आत आला नाहीत, तिथनंच म्हणालात, "पोरगी आलीया न्हवं? घ्या मग." त्यानं घेतलं.

आपल्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. हे मी कुठंही मोठ्यानं सांगते, मला त्याची लाज नाही आणि उगाच नम्रपणाही नाही. पण त्या दिवसाचं मी आजवर सगळ्यांना असं सांगत आले की, माझ्या वडलांना रस्ता पाठ होता, पण मुलीनं स्वतः शोधावा म्हणून ते मागं राहिले. शाळेत मुलांना सांगितलंय. फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगितलंय. लोक टाळ्या वाजवतात. आता आत्या म्हणते, तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. म्हणजे त्या दिवशी एक घाबरलेला माणूस एका घाबरलेल्या पोरीच्या मागं चालला होता आणि दोघांपैकी कुणालाच रस्ता ठाऊक नव्हता. मग मी जे सांगत आले ते काय?

आणि नरसय्यामामा खरे असतील तर आणखी अवघड. तुम्हाला ठाऊक होतं आणि खिडकी बंद व्हायला आली तरी तुम्ही गप्प राहिलात? माझा प्रवेश गेला असता तर? तर काय म्हणाला असतात? "पोचत्यात की"?

कधी मला पहिलं बरं वाटतं, कधी दुसरं. सकाळी एक आणि संध्याकाळी एक. दोन्हीकडं तुमचा चेहरा तोच असतो, तो काही सांगत नाही.

त्यानंतर तुमच्या सुट्टीच्या दिवशी आपण हिंडायलाच लागलो. मी इतिहास घेतला होता, मला सगळं डोळ्यांनी बघायचं होतं. किल्ल्यातनं निघून पार्क चौकात चार पुतळ्यांपाशी, तिथनं इंद्रभवन, परत तळ्याकाठानं घरी. मी बोलायचे, तुम्ही ऐकायचात. चार पुतळ्यांपाशी मी सांगितलं की, इंग्रजांनी यांना फाशी दिली, हे आपल्या गावचे हुतात्मे. तुम्ही पटका काढून हातात घेतलात आणि विचारलंत, "ह्येंच्या आया हुत्या का तवा?" मी म्हटलं, पुस्तकात नाही. तुम्ही म्हणालात, "मग आर्धंच लिवलंय की." इंद्रभवनाच्या नक्षीकडं बघून म्हणालात, "ह्याच्यावर कबुतरं लई बसत आसतील." बसतातच. आणि कायम मागं. मी बोळ चुकले तरी मागं, बरोबर गेले तरी मागं. एकदा मी मुद्दाम चुकीच्या बाजूला वळले, बघू तरी बोलतात का. तुम्ही आलात पाठोपाठ. तो बोळ एका घराच्या मोरीशी संपला. तिथं कपडे धुणारी बाई म्हणाली, "काय पाहिजे?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "कायबी न्हाय बाई. पोरगी बघाय लागलीया."

मी पदवीधर झाले, शाळेत लागले आणि रविवारचं हे पायी फिरवणं सुरू केलं. पुण्या-हैदराबादेकडनं माणसं येतात, टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन. तुम्ही एकदा म्हणालात, मी येतो. मला वाटलं, आता तरी बरोबर चालतील. कसलं! सगळ्यांच्या मागं. किल्ल्याच्या दारात मी बोलत होते आणि मागनं आवाज येतोय, "हर्रर्र, हर्रर्र." फोटो काढत रेंगाळलेल्या बायका दचकून पुढं सरकायच्या. एकजण मला म्हणाली, "मॅडम, ते काका आम्हाला हाकतायत!" मी लाजेनं लाल. तिनं शेवटी तुम्हालाच विचारलं, "काका, तुम्हीही गाईड का?"

"न्हाय. म्या शेवट हाय," तुम्ही म्हणालात.

सगळे हसले. पुढच्या वेळेपासून मंडळी आल्या आल्या विचारायची, "शेवट आलेत का?" तुम्ही नसलात की फिरणं लांबायचं, कुणीतरी कुठंतरी रेंगाळायचं, मला सारखं मागं बघावं लागायचं. तुम्ही असलात की मी नुसती बोलत पुढं. मी पुढं काय आहे ते सांगायचे. मागं काय आहे त्याची मला काळजीच नसायची.

आता त्या शेवटच्या रविवारचं. त्याचं मला सगळ्यात कमी कळलंय.

मला एक नवं फिरणं बांधायचं होतं. जुन्या काळी माळावरची मेंढरं ज्या वाटेनं शहरात यायची त्या वाटेनं लोकांना न्यायचं. किल्ला, तलाव सगळं त्याच वाटेवरनं दाखवायचं. म्हटलं, ही वाट पुस्तकात नाही, ही आण्णांची आहे. तुम्हाला म्हणाले, "आज तुम्ही पुढं व्हायचं. मी मागं."

तुम्ही नको नको म्हणालात. मी ऐकलं नाही. विजापूर वेशीपासून तुम्ही पुढं निघालात, आणि आण्णा, मी पहिल्यांदा तुमची पाठ बघितली. इतक्या वर्षांत कधी बघितलीच नव्हती! एक खांदा खाली गेलेला, घोंगडीच्या बाजूचा. मान जरा वाकडी. टाचांना भेगा. मला वाटलं, हे कोण म्हातारे चाललेत?

थोडं गेलात. दोन रस्ते फुटतात तिथं थांबलात. आणि मागं वळून बघितलंत.

मी हसून म्हटलं, "मागं बघू नका! कळप थांबतो."

तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मागं कुणी न्हायच आसं वाटलं."

"मी आहे की."

"व्हय. पर आवाज न्हाय तुजा." मग जरा दम घेऊन, "तू हो फुडं. बोलत चल."

मी पुढं झाले. बोलत चालले. तुम्ही मागं. चहाच्या गाड्यावर बसलो, तुम्ही बशीत ओतून चहा प्यायलात आणि नव्या फिरण्याचं काही पुढं सरकलं नाही. त्याच आठवड्यात छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं आणि नंतरचं मी लिहीत नाही.

दोन रस्ते फुटतात तिथं का थांबलात? रस्ता आठवेना म्हणून? दम लागला म्हणून? का पुढं रिकामा रस्ता दिसला म्हणून, मेंढरं विकून परत निघाला होतात त्या दिवसासारखा? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "आता इचारून काय करतीस?" बरोबर आहे तिचं. पण मी शिकलेली ना! मला कारण लागतं. परीक्षेत कारणं द्या असं विचारायचे आणि मी भराभरा लिहायचे. आता एक कारण विचारलंय आणि माझ्याकडं तीन आहेत, म्हणजे एकही नाही.

आता तुम्हाला नेलं त्या सकाळचं सांगते. तुम्ही होतात तिथं, पण आडवे होता, तुम्हाला दिसलं नसेल.

अंगणात तिरडी बांधली होती. विस्तवाचं मडकं कुणी धरायचं यावर कुजबूज सुरू झाली. चुलतभाऊ सिद्राम अंघोळ करून, उघड्या अंगानं तयार उभा होता. बिचाऱ्याला हौस नव्हती. आत्या म्हणाली, "लेकीनं मडकं धरायचं न्हाय. आपल्यात चालत न्हाय." दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. खरं सांगते, मला काय पाहिजे तेच कळत नव्हतं.

आई कोपऱ्यात बसली होती. ती कुणाकडं न बघता म्हणाली, "जलमभर त्येनं हिला फुडं घातलं. आजच का मागं?"

सिद्रामनं मडक्याची दोरी माझ्या हातात दिली. म्हाताऱ्यांतला एकजण म्हणाला, "पोरी, मडकं धरणाऱ्यानं मागं बघायचं न्हाय. कायबी झालं तरी. सरळ चालायचं."

मला एकदम हसूच आलं, आण्णा. तोंड दाबून धरलं. हे मला तुम्ही अशोक चौकापासून शिकवलंय.

निघालो. मी पुढं, तुम्ही मागं चौघांच्या खांद्यावर, तुमच्या मागं सगळी वस्ती. मडक्यातनं धूर डोळ्यांत. मोठ्या रस्त्यानं नाल्यापर्यंत जायचं, की पलीकडं स्मशानभूमी. सगळ्यांना ठाऊक असलेली वाट. पण अर्ध्यावर रस्ता खणून ठेवलेला. ड्रेनेजचं काम. आडव्या लोखंडी जाळ्या, मातीचे ढीग, पलीकडं खड्डा. डावीकडं एक बोळ आणि उजवीकडं एक. मी कधी दोन्हीत शिरलेले नव्हते.

थांबावं, तर तिरडी वाटेत थांबवायची नाही. मागं वळून विचारावं, तर वळायचं नाही. विस्तव राखेखाली गेलेला दिसत होता. पाठीमागं एवढी माणसं आणि एकजण वाट सांगेना. मी वाट बघत होते, कुणीतरी म्हणेल, डावीकडनं घे. कुणीच म्हणालं नाही.

आणि तुम्ही मागं होतात. मी मनात म्हटलं, आण्णा, कुठनं?

तुम्ही काय म्हणणार, मला ठाऊक होतं.

मी डावीकडं वळले. का, ते विचारू नका. बोळ अरुंद, दोन्ही बाजूंनी मागांचा खडखडाट. आमचा हरिनामाचा गजर ऐकून एक-एक करत माग बंद पडत गेले आणि दारात माणसं येऊन उभी राहिली, हात जोडून. एक वळण आलं, मग दुसरं, तिथं समोर भिंत दिसली. पुन्हा मोरीशी जाऊन उभी राहते की काय? एवढ्या माणसांना, तुम्हाला घेऊन? तिरडी तिथं वळलीसुद्धा नसती. भिंतीपाशी गेल्यावर दिसलं, बाजूनं एक फट होती, तिरडी निघेल एवढीच. निघाली. बाहेर आलो तर समोर नाला, त्याच्यावरचा पूल आणि पलीकडं फाटक.

नंतर सगळं उरकल्यावर नळावर हातपाय धुताना सिद्राम म्हणाला, "बरं झालं तुला तो बोळ माहीत होता."

"मला कुठं माहीत होता?"

"आं? मग शिरलीस कशी?"

"मला वाटलं, चुकले असते तर तुम्ही कुणी तरी अडवलं असतं. तुम्हाला माहीत असणार."

"आम्हाला काय माहीत? आम्हाला वाटलं, ही एवढी शिकलेली, लोकांना गाव दाखवत फिरती, हिला माहीत असणार. चुकली असतीस म्हंजे काय केलं असतंस गं हिरे?"

मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि हसायला लागले. मग रडायला. सिद्राम घाबरून आईला बोलवायला गेला.

आण्णा, रस्ता तुम्हाला ठाऊक होता का, हे मला अजून कळलेलं नाही. आत्याचं खरं का नरसय्यामामांचं, तेही नाही. गेल्या रविवारी मी पुन्हा माणसं घेऊन किल्ल्यापासून निघाले. कुणीतरी विचारलं, शेवट कुठायत? मी म्हटलं, आहेत. आणि बोलत पुढं चालले. कॉलेजची गोष्ट मात्र त्यांना नव्यानं सांगितली. रस्ता वडलांना ठाऊक होता असं म्हणाले नाही. नव्हता असंही नाही. म्हटलं, मी पुढं होते, ते मागं होते आणि खिडकी बंद व्हायच्या आत आम्ही तिथं होतो. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक बाई नुसती म्हणाली, "हं."

तुम्हाला नेलं त्या दिवशीचंही तुम्हाला तसंच सांगते. बोळ नवा होता. विस्तव विझला नाही. मी मागं बघितलं नाही. तुम्हाला पोचवलं.